शेत घेताना वकील कसा निवडावा?

कापूस विकून झाला, आदिलाबादच्या बाजारातून पट्टीचे पैसे हाती आले, की आपल्यातील पुष्कळ घरांत एकच विचार सुरू होतो. बांधाला लागून असलेला तुकडा घ्यावा काय? मुलाच्या नावावर दोन एकर करून ठेवावी काय? विचार चांगलाच आहे. पण बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो, शेजाऱ्याला विचारतो. आणि जन्माची कमाई जिच्यात घालायची, त्या जमिनीचा कागद मात्र दलालाने सांगितलेल्या माणसाकडून, एका दुपारी, न वाचता करून घेतो.

या पानावर आम्ही बियाण्याविषयी, खताविषयी, जनावरांच्या व माणसांच्या दुखण्याविषयी लिहितो. आज कागदाविषयी लिहीत आहोत. कारण पीक बुडाले तर पुढल्या मृगाची आशा असते, पण कागद चुकला तर शेतच जाते व कर्ज तेवढे मागे राहते. आमचे सांगणे थोडक्यात असे : इसार देण्यापूर्वी वकील गाठावा, आणि तो वकील आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे.

नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की झाली काय?

बहुतेकांना वाटते की सरकारी शिक्का बसला, फोटो निघाला, अंगठा झाला, आता भीती नाही. हा समज खरा नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन विकत घेतली तर दस्त नोंदवलाच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी कायदा व १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतात. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. परंतु आपल्या देशात नोंदणी होते ती दस्ताची. विकणारा खरोखरच मालक आहे, अशी हमी त्या शिक्क्याने मिळत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरन्स यांच्या खटपटीने १८५८ साली असा कायदा झाला, की सरकारी वहीत ज्याचे नाव तोच मालक व त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तसे नाही. म्हणून विकणाऱ्याचा हक्क तपासण्याचे ओझे घेणाऱ्याच्याच डोक्यावर असते, आणि त्या कामासाठीच वकील लागतो.

दलाल, दस्तलेखक आणि वकील

या तिघांची कामे वेगवेगळी आहेत. दलाल गाठ घालून देतो, व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात. तेव्हा व्यवहार करू नका, असे तो कधी सांगणार नाही. दस्तलेखक आपण सांगू तसा मजकूर नीट लिहून देतो. त्याचे अक्षर चांगले असेल, पण तीस वर्षांचा इतिहास शोधण्याची जबाबदारी त्याची नव्हे. वकील हा १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदलेला असतो. कागद तपासून सल्ला देणे हे त्याचे काम, आणि त्या सल्ल्याबद्दल त्याला जाब विचारता येतो.

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला प्रत्येक जण वकील नसतो. नाव, नोंदणी क्रमांक व बार कौन्सिलचे ओळखपत्र विचारण्यात काही कमीपणा नाही. खऱ्या वकिलाला त्याचा राग येत नाही.

वकिलाने जाहिरात करून किंवा दलाल लावून पक्षकार गोळा करू नयेत, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तेव्हा दलाल जर म्हणाला, "वकीलही मीच देतो, तुम्ही फक्त पैसे आणा," तर तेथेच सावध व्हावे.

आपल्या जिल्ह्यातील पहिला प्रश्न

इतर ठिकाणी घेणारा पहिल्याने भाव विचारतो. आपल्याकडे पहिला प्रश्न असा असावा : ही जमीन मला कायद्याने घेता तरी येते काय?

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम लागू आहे. तो तेलंगण भागात १९६३ साली आला आणि १९७० च्या विनियम १ ने कडक झाला. म्हणूनच लोक त्याला 'एक-सत्तर' म्हणतात. त्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासी माणसाला विकता येत नाही. विकणारा आदिवासी असो वा बिगरआदिवासी असो, व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हा विनियम वैध ठरविला आहे.

हा कायदा उगीच झालेला नाही. सावकारी, फसवे कागद व दारूच्या उधारीपायी गोंड व कोलाम बांधवांच्या जमिनी कशा गेल्या, हे आपले वडीलधारे जाणतात. जमिनीच्या हक्कासाठी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंड लोकांवर २० एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला व माणसे प्राणास मुकली. ज्या कुंपणामागे एवढे दुःख आहे ते ओलांडण्याची वाट दाखवणारा वकील हुशार नव्हे, धोक्याचा समजावा. "आदिवासी गड्याच्या नावावर घेऊ, कसणार तुम्हीच," असे कोणी सुचवले तर तो बेनामी व्यवहार होतो. त्यात कायद्याचा गुन्हा आहे आणि गरिबावर अन्यायही आहे.

उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या बाजूला अशी गावे पुष्कळ आहेत. पण नुसत्या मंडलाच्या नावावरून ठरवू नये. यादी गावांच्या नावांनी आहे, म्हणून आपले गाव त्या यादीत आहे की नाही ते वकिलाकडून लेखी घ्यावे.

येथे आपल्या लोकांत एक गोंधळ आढळतो. ख्रिस्ती झालेला गोंड किंवा कोलाम माणूस आदिवासीच राहतो. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात मात्र ती आहे. तेव्हा ख्रिस्ती आदिवासी बांधवाला अनुसूचित क्षेत्रात जमीन घेता येते, आणि इतर ख्रिस्ती बांधवांना, ते कितीही गरीब असले तरी, घेता येत नाही.

समजा, एका शेतकऱ्याने अशा गावात तीन एकर जमीन मुद्रांकाच्या कागदावर घेतली, विहीर पाडली, मोटार बसवली, दहा वर्षे कसली. पुढे आदिवासी कल्याण विभागाच्या विशेष उपजिल्हाधिकाऱ्यापुढे प्रकरण आले, की तो मुद्रांक त्याच्या कामी येत नाही. जमीन जाते. विहिरीचे पैसेही पाण्यात जातात. चांगल्या वकिलाने हे पहिल्या दिवशी, अर्ध्या तासात सांगितले असते.

दिसायला सरळ, आतून वाकडी

अनुसूचित क्षेत्राबाहेरही काही जमिनी विकता येत नाहीत. भूमिहीनांना सरकारने दिलेली जमीन विकण्यास १९७७ च्या कायद्याने बंदी आहे. जुन्या कागदावर 'लावणी पट्टा' असा शब्द आढळला तर थांबावे. ती जमीन केव्हा व कोणत्या नियमाखाली दिली यावर सर्व काही ठरते. भूदानाची जमीन तशीच. विनोबाजींनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ केला तो आपल्या तेलंगणातच, आणि दानात मिळालेली जमीन भूमिहीनाने कसावी म्हणून होती, बाजारात विकावी म्हणून नव्हे. तिसरी गोष्ट रक्षित कुळांची. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याच्या कलम ३८-ई खाली कुळाला मालकी मिळाली असेल, तर पट्टेदाराचे नाव वहीत असूनही त्याचा हक्क उरत नाही. शिवाय कालवा, रस्ता किंवा बंधाऱ्यासाठी संपादनाची नोटीस निघाली आहे काय, हेही पाहावे लागते.

अशा जमिनींची निषिद्ध यादी ठेवलेली असते. ती पाहिली काय, हे वकिलाला स्पष्ट विचारावे.

उर्दू, तेलुगू आणि आपली मराठी

आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुने कागद उर्दूत आहेत व त्यांवर फसली साल आहे. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. म्हणजे १३६४ फसली म्हणजे १९५४-५५. त्याच वर्षाची 'खासरा पहाणी' तेलंगणातील जमिनीच्या हक्काचा एक मोठा पाया मानली जाते. नंतरचे कागद तेलुगूत आहेत. आणि बेला, जैनथ, तामसी या भागांतील आपल्या पुष्कळ बांधवांना वाचता येते ती फक्त मराठी.

यामुळे आपल्यासाठी वकिलाची एक कसोटी अधिक आहे. त्याला तेलुगू चांगले यावे, उर्दू कागद वाचता यावा किंवा जाणत्याकडून वाचून घेण्याची त्याची तयारी असावी, आणि दस्तातील प्रत्येक ओळ त्याने आपल्याला मराठीत सांगावी. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, चतुःसीमा, किंमत, घेणाऱ्याचे नाव, या पाच गोष्टी आपण आपल्या वहीत मराठीत लिहून घ्याव्यात आणि दस्ताशी ताडून पाहाव्यात. न समजलेल्या कागदावर सही वा अंगठा करू नये. घाई करणाऱ्याला घाई करू द्यावी.

वारस कोण, हे वकिलाला कळले पाहिजे

पट्टा आजोबांच्या नावावर आणि विकतो एकटा थोरला नातू, असे व्यवहार गावोगाव होतात. विकणारे कुटुंब ख्रिस्ती असेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता नवरा वारला व पत्नी व मुले मागे राहिली, तर पत्नीला एक तृतीयांश मिळते. उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांच्यात समान वाटले जाते. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हिस्सा मुलाएवढाच असतो. समजा, शेत सहा एकर आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. तर पत्नीचे दोन एकर व प्रत्येक मुलामुलीचा एक एक एकर. थोरला मुलगा एकट्याच्या सहीने सहा एकर विकू लागला, तर त्याच्या मालकीचा त्यात एकच एकर आहे हे ध्यानात ठेवावे. हिंदू कुटुंबाला १९५६ चा कायदा लागतो. आदिवासी कुटुंबात रूढीचा प्रश्न येतो. वारस अल्पवयीन असेल तर न्यायालयाच्या परवानगीची बाब निघते. "सर्व वारस कोण, व त्यांच्या सह्या कोठे आहेत?" हे न विचारणारा वकील घेऊ नये.

आपल्या लोकांत नावाची अडचण असते. पट्ट्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरे. पॅरिशच्या नोंदवहीतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांचे उतारे नाते दाखवायला उपयोगी पडतात. एकट्या उताऱ्याने वारसनोंद होत नाही, त्यासाठी तहसीलदाराकडेच जावे लागते, पण उतारा जवळ असला तर वकिलाचे काम सोपे होते.

पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन कायदे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. किनवट व राजुरा हे भाग आपल्या जिल्ह्यातून पलीकडे गेले, पण सोयरीक तशीच राहिली. म्हणून यवतमाळ किंवा नांदेडकडच्या ओळखीच्या वकिलाला विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. तो कितीही चांगला असला तरी त्याचा कायदा वेगळा आहे. तिकडे सातबारा, इकडे पहाणी व पट्टादार पासबुक. तिकडे शेतजमीन घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो, इकडे तशी अट नाही. ज्या राज्यात जमीन, त्या राज्यातील महसुलाचे काम करणारा वकील घ्यावा.

शिवाय तेलंगणातील नियम गेल्या काही वर्षांत भराभर बदलले आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये 'धरणी' सुरू झाली व शेतजमिनीची नोंदणी तहसील कचेरीत होऊ लागली. १४ एप्रिल २०२५ पासून 'भू भारती' कायदा आला असून त्यात चुकीच्या नोंदीविरुद्ध अपिलाची सोय आहे. साध्या कागदावर घेतलेल्या जमिनी, म्हणजे सादा बैनामा, नियमित करण्याचा मार्गही आहे. पण तो २ जून २०१४ पूर्वी खरेदी केलेल्या व २०२० साली मुदतीत अर्ज दिलेल्या लहान शेतकऱ्यांसाठी आहे. आज साध्या कागदावर जमीन घेऊन उद्या नियमित होईल, अशी आशा कोणी दाखवली तर तिच्यावर विसंबू नये. मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या करारनाम्यावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून ठेवले आहे.

वकिलाला विचारायचे सात प्रश्न

१. आपण जमिनीची व महसुलाची कामे नेहमी करता काय? आमच्या मंडलातील कामे केली आहेत काय?

२. आपण विकणाऱ्याचे, त्याच्या भावबंदांचे किंवा दलालाचे वकील आहात काय? होय म्हणाले तर नमस्कार करून उठावे. दोन्ही पक्षांचा एकच वकील स्वस्त वाटतो, पण तंटा निघाला की तो आपला राहत नाही.

३. आपण कोणकोणते कागद तपासणार?

४. आपले मत लेखी द्याल काय, व किती दिवसांत?

५. काम आपण स्वतः करणार की कारकून करणार?

६. इसारपावतीचा मसुदा आपण कराल काय, आणि नोंदणीच्या दिवशी तहसील कचेरीत हजर राहाल काय?

७. फी एकूण किती, कोणत्या टप्प्यावर किती, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळा किती?

एकाच वकिलाला भेटून थांबू नये, दोघातिघांना भेटावे. ज्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत जमीन घेतली त्यांना विचारावे, आणि विशेष करून ज्यांचा व्यवहार वकिलाने मोडायला लावला त्यांना विचारावे. 'घेऊ नका' असे म्हणण्याचे धैर्य असलेला वकील ही मोठी शिफारस समजावी. कागद न पाहताच "काही काळजी करू नका, सर्व साफ आहे," असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

लेखी मतात काय असावे?

निदान तीस वर्षांची साखळी असावी : जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या दस्ताने आली. बोजाचा दाखला, म्हणजे लोक ज्याला 'ईसी' म्हणतात तो, असावा. येथे एक खाच आहे. नोव्हेंबर २०२० पूर्वीचे शेतजमिनीचे दस्त उपनिबंधकाकडे मिळतात व नंतरचे तहसील कचेरीच्या दप्तरात. दोन्हीकडे शोध घेतला पाहिजे. बँकेत कागद ठेवून काढलेले कर्ज दाखल्यात दिसेलच असे नाही, म्हणून बँकेचा व सहकारी सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला वेगळा मागावा. न्यायालयात दावा चालू आहे काय, ते पाहिलेले असावे, कारण दावा चालू असताना घेतलेली जमीन दाव्याच्या निकालाला बांधली जाते. आणि शेवटी मोजणी. कागदावर तीन एकर व बांधात अडीच, हे वकील कचेरीत बसून सांगू शकत नाही. सर्व्हेअरकडून मोजून घ्यावे व शेजाऱ्यांना बोलवावे. जमीन प्रत्यक्ष कोण कसतो, हे आपण स्वतः शेतात जाऊन पाहावे.

हे सर्व हातात आल्यावर इसार द्यावा. तोही बँकेतून द्यावा. इसारपावतीत लिहावे की कागदात दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल. खरेदी करताना पत्नीचे नाव बरोबरीने घालावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे विधवेवर दारोदार फिरण्याची पाळी येत नाही.

फी परवडत नसेल तर

"वकिलाला पैसे कशाला?" असे घरात कोणी म्हणेल. जमिनीची किंमत व वकिलाची फी शेजारी शेजारी लिहून पाहावी, उत्तर मिळेल. ज्यांना खरोखर झेपत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत सल्ल्याची सोय आहे. सर्व स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले, यांना ती मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

वकिलाने फसवले तर दाद कोठे मागावी, हेही माहीत असावे. वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. त्यासाठी फीच्या पावत्या, दिलेल्या कागदांची यादी व लेखी मत जपून ठेवावे. पण तक्रारीने जमीन परत येतेच असे नाही. म्हणून निवड आधीच जपून करावी.

व्यवहार महिनाभर लांबला म्हणून काळी माती कोठे पळून जात नाही. विकणारा जर म्हणाला, "आजच्या आज इसार द्या, नाही तर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे," तर त्याला दुसऱ्याकडे जाऊ द्यावे. ज्या शेताचे कागद चार लोकांसमोर उघडून दाखवता येतात, तेच शेत आपल्या मुलाबाळांसाठी घ्यावे.